कृपेनंतरचे काम
(पंडिता रमाबाईंच्या पुण्यस्मरणार्थ दिलेले व्याख्यान)



‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात एका तुरुंगाच्या नायकाची हकिगत आहे. गाव फिलिप्पै, मासेदोनियातली रोमन वसाहत. पौल आणि सीला यांना सगळ्यांदेखत फटके मारून आतल्या कोठडीत डांबलेले आहे, पाय खोड्यात अडकवलेले आहेत. मध्यरात्री भूकंप होतो, दारे उघडतात. कैदी पळाले असे समजून हा नायक तलवार उपसतो आणि स्वतःचाच जीव घ्यायला निघतो. तेवढ्यात अंधारातून पौल ओरडून सांगतो की आम्ही सगळे इथेच आहोत. तो थरथर कापत त्यांच्या पाया पडतो आणि विचारतो, माझे तारण व्हावे म्हणून मी काय करू?

उत्तर थोडक्यात मिळते. प्रभू येशूवर विश्वास ठेव. व्रत सांगितले जात नाही, दंड सांगितला जात नाही, इतकी वर्षे काय केलेस याचा जाब विचारला जात नाही. आपल्या प्रवचनांतून ही गोष्ट बहुधा इथेच थांबते. मला मात्र त्यापुढचे वाक्य फार मोलाचे वाटते. त्याच रात्री, त्याच घटकेला तो त्या दोघांच्या जखमा धुतो, त्यांना आपल्या घरी नेतो आणि जेवू घालतो. जखमा धू, असे त्याला कोणीच सांगितले नव्हते. ज्या हातांनी संध्याकाळी खोडा ठोकला, त्याच हातांनी मध्यरात्री पाणी ओतले. तारणासाठी त्याने काही केले नाही. तारण झाल्यावर मात्र त्याला बसवेना.

आजचे माझे म्हणणे याच एका जागेभोवती फिरणार आहे. ख्रिस्ती धर्माने तारणाविषयी जे शिकवले, ते समजायला सोपे आणि पचायला अवघड आहे. माणूस स्वतःच्या पुण्याईने देवापर्यंत पोहोचत नाही. देवच त्याच्यापर्यंत येतो. वधस्तंभावर ख्रिस्ताने जे केले ते पुरेसे आहे, त्यात आपल्याला भर घालायची नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल हे निःसंदिग्धपणे मांडतो: हे दान आहे, कर्मांचे फळ नाही, म्हणून कोणी फुशारकी मारू नये. आमच्या मंडळ्यांमध्ये लहान मुलांना ही आठवी-नववी वचने पाठ असतात. दहावे वचन मात्र क्वचितच कोणी पाठ करून घेते. त्यात तो म्हणतो की देवाने आपल्याला घडवले ते सत्कृत्यांसाठी, आणि ती कृत्ये त्याने आधीच योजून ठेवली आहेत, आपण त्यांतून चालावे म्हणून. तिन्ही वचने एका दमात वाचली तर कृपा आणि कर्म यांचा झगडाच उरत नाही. कर्म कृपेच्या आधी ठेवले की तो सौदा होतो. कृपेच्या मागून आलेले कर्म म्हणजे मोकळ्या झालेल्या माणसाची चाल.

तरीही झगडा झाला, आणि शतकानुशतके झाला. याकोब आपल्या पत्रात विचारतो की उघड्या-भुकेल्या भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ असे म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवणारा विश्वास काय कामाचा? मार्टिन ल्यूथरला हे पत्र इतके खटकले की १५२२ साली नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताच्या काडीइतके मोल दिले. त्याच्या काळी तारण पैशाने विकले जात होते, क्षमापत्रांचा बाजार भरला होता. तेव्हा कर्माचा नुसता उल्लेखही त्याला टोचत असेल तर मला ते समजते. पण याकोब विक्रेत्यांच्या बाजूचा नव्हता. तो मेलेल्या विश्वासाविषयी बोलत होता, आणि मेलेला विश्वास ल्यूथरलाही मान्य नव्हता. या वादाने पश्चिमेकडची मंडळी दुभंगली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपण केवळ कृपेने स्वीकारले जातो आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करते, हे दोघांनी मिळून मान्य केले. जवळपास पावणेपाचशे वर्षे लागली, त्या इफिसच्या पत्रातल्या लागोपाठच्या तीन वचनांपाशी एकत्र यायला.

पण ग्रंथांतला वाद मी इथेच ठेवतो. हा प्रश्न एका मराठी बाईने कसा जगून सोडवला, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. पुढे हे कुटुंब क्षेत्रोक्षेत्री पुराणे सांगत हिंडू लागले. रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीतून आपली साक्ष लिहिली, तिच्यात या दिवसांचे वर्णन आहे. तीर्थस्नाने केली, उपास केले, दाने दिली, मूर्तींपुढे धरणे धरल्यासारखे बसून राहिले; जवळचा पैसा संपला, मग भांडी गेली, मग झाडपाला खाण्याची वेळ आली. दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने आईवडील गेले, मोठी बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, अनवाणी देशभर चालली.

या वर्णनाचा उपयोग दुसऱ्या धर्माला हिणवण्यासाठी करणाऱ्यांची मला लाज वाटते. अनंतशास्त्र्यांची निष्ठा निर्मळ होती, आणि रमाबाईंनी वडिलांविषयी अखेरपर्यंत आदरानेच लिहिले. देवाशी व्यवहार करू पाहणारी वृत्ती कोणत्याही एका धर्माची मिरास नाही. नवस फेडावा तशी प्रार्थना करणारे ख्रिस्ती मी आयुष्यभर पाहत आलो आहे. उलट, मराठी माणसाला कृपा ही गोष्ट नवखी नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक सांगत की आपण ख्रिस्तापाशी तुकारामांच्या पुलावरून आलो. रमाबाईंच्या बाबतीत महत्त्वाचे हे की सौदा कुठे नेतो ते त्यांनी उपाशी पोटाने पाहिले होते, आणि म्हणून पुढे त्यांना कोणताही नवा सौदा सहज पटला नाही.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी विवाह झाला. १८८२ मध्ये पटकीने ते गेले. सिल्चरला नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतले लूकचे शुभवर्तमान सापडले होते, आणि आयझॅक अ‍ॅलन नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी त्यांना बायबल समजावून सांगत. पुण्याला आल्यावर आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’, हंटर कमिशनपुढची साक्ष हे सगळे एका वर्षात झाले. १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, त्या वैद्यक शिकण्याच्या इच्छेने. वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे त्यांचा मुक्काम होता.

तिथे तर्काचा बराचसा भाग ख्रिस्ती झालेले पंडित नीलकंठशास्त्री, म्हणजे नहेम्या गोरे, यांच्या पत्रांनी उरकला होता. मन हलले ते मात्र लंडनमधल्या फुलममध्ये. बाजारात बसवल्या गेलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी त्या भगिनींनी तिथे आश्रम चालवला होता. कुलीन घरच्या स्त्रिया त्यांची मायेने देखभाल करतात हे रमाबाईंनी पाहिले. असे करण्याची बुद्धी यांना कुठून झाली, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेली बाई, आणि तिच्याकडेच पाणी मागणारा येशू. ज्या शास्त्रांत त्या पारंगत होत्या, त्यांत पतित स्त्रीसाठी असे दार त्यांना कुठे दिसले नव्हते, हे त्यांचे स्वतःचे निदान. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

इथे क्षणभर थांबू या. रमाबाईंना ख्रिस्त आधी एका आश्रमात दिसला आणि मग पुस्तकात. जखम धुणारे हात त्यांनी पाहिले, आणि मग हे हात कोणाचे म्हणून शुभवर्तमान नव्याने उघडले. फिलिप्पैचा क्रम इथे उलटा झाला आहे. ज्याला बायबलचे सत्य दुसऱ्याला सांगायचे आहे, त्याने या उलट्या क्रमाचा फार विचार करावा असे मला वाटते.

सत्याच्या बाबतीत त्या कोणाच्याही धाकात राहिल्या नाहीत. बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीशीच त्यांचे वाद सुरू झाले. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचा कुमारी मातेच्या पोटी जन्म, चर्चचा अधिकार, एकेक गोष्ट त्यांनी शास्त्रवचनांवर तपासायला घेतली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी ठणकावून सांगितले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकती सुटले आहे, दुसरे जोखड मानेवर घेणार नाही. अंडे घातलेले गोड पक्वान्न त्यांनी नाकारले. शाकाहार सोडणे ख्रिस्ताने कुठे सांगितले आहे, हा त्यांचा सवाल होता. वाँटेजमध्ये हा गर्व समजला गेला. मला त्यात बिरुयाच्या लोकांची रीत दिसते. पौलासारख्या प्रेषिताचे प्रवचन ऐकूनही, तो म्हणतो ते खरेच लिहिले आहे का, हे दररोज शास्त्र उघडून पाहणारे ते लोक. ‘कृत्ये’चा लेखक त्यांना उद्धट म्हणत नाही, थोर मनाचे म्हणतो.

मग साक्षीतला तो सर्वांत धक्कादायक भाग येतो. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमाराला, त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही. तोवर १८८७ चे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ निघाले होते, अमेरिका दणाणून सोडली होती, ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडले होते. बाहेरून पाहणाऱ्याला यापेक्षा विश्वासू जीवन कोणते दिसणार? त्या काळात त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम यांचे आत्मवृत्त आले. कॉर्नवॉलमधला हा अँग्लिकन धर्मोपदेशक १८५१ साली स्वतःचेच प्रवचन करता करता बदलला होता. तोवर त्याने उपासना चालवल्या होत्या, चर्च बांधले होते, पण आपण क्षमा पावलो आहोत हे त्याला ठाऊक नव्हते. रमाबाईंना स्वतःचे चित्र दिसले. मी काहीच कमावू शकत नाही, जे आहे ते तसेच्या तसे त्याच्यापुढे टाकते, आणि तो घेतो. एवढेच काय ते घडले. कृपेचा सिद्धान्त त्यांना ठाऊक होताच. आता त्या कृपेत उभ्या राहिल्या.

आणि या अनुभवाने त्यांच्याकडून काय करवले ते पाहा. नुसती शांती मिळाली असती तर त्या एखाद्या खोलीत ध्यान करीत बसल्या असत्या.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला. आपली भूक त्या विसरल्या नव्हत्या. वीस वर्षांपूर्वी आपण त्या रस्त्यावर होतो, हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. त्या गेल्या. सोबत आणल्या त्या तीनशेच्या आसपास मुली आणि स्त्रिया: हाडांचे सापळे, अंगभर खरूज, काही बलात्कारित, काहींना विकत घेण्यासाठी दलाल टपून बसलेले. शारदा सदन आता पुण्यात होते. तिथे प्लेग होता, इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. दौंडजवळच्या केडगावला शारदा सदनाच्या खर्चासाठी जमीन घेतलेली होती, संत्री-आंब्यांची झाडे लावलेली होती. तिथे झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ती सदन सुरू झाले. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या स्त्रियांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचन १८९८ मध्ये संपले. त्यापुढे ठरलेले उत्पन्न नाही, मदतीची हमी नाही. कोणाकडे न मागता देवावर विसंबून काम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर आणि हडसन टेलर यांची चरित्रे त्यांनी वाचली होती आणि त्याच भरवशावर धान्याच्या गोणी येत राहिल्या.

मुक्ती मिशनविषयी लिहिणारे १९०५ च्या संजीवनाविषयी फार लिहितात: रात्ररात्र चाललेल्या प्रार्थना, पश्चात्तापाचे रडणे, अनेक भाषांतले बोलणे. ते घडले, आणि त्याची बातमी जगभर गेली. मला मात्र सकाळची घंटा झाल्यावर काय होत असे यात अधिक रस आहे. जात्यावर दळण. माग. शिवण. शेतात खुरपणी, गोठा, घाणा, धुलाई. छापखाना, आणि त्यात खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, पुस्तके बांधणाऱ्या बायका. अंध स्त्रियांना बोटांनी वाचायला शिकवले जाई. ‘कृपा सदन’ हे नाव कोणत्या इमारतीला दिले? फसवल्या गेलेल्या, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांच्या घराला. फुलमला पाहिलेले दार पुणे जिल्ह्यात उघडले.

इफिसकरांस लिहिलेल्या त्याच पत्रात, चौथ्या अध्यायात, पौल चोराला काय सांगतो ते ठाऊक आहे? चोरी सोड, एवढ्यावर तो थांबत नाही. स्वतःच्या हातांनी काम कर, आणि कशासाठी, तर गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असावे म्हणून. घेणारा हात देणारा होणे म्हणजे तारण पूर्ण माणसापर्यंत पोहोचणे. मुक्ती सदनात हेच घडत होते. १८९७ मध्ये ज्या मुलीला कोणी चमच्याने पेज भरवली, तीच तीन वर्षांनी गुजरातेतून आलेल्या मुलीला भरवत होती. या कामाला दया म्हणणे मला अपुरे वाटते. दयेत देणारा वरच्या पायरीवर राहतो.

आणि बायबल. पंचेचाळिशी उलटल्यावर रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. संस्कृत, मराठी, कन्नड, बंगाली, हिंदी, इंग्रजी येत असताना. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला कोणाच्या मध्यस्थीशिवाय देवाचे वचन वाचता यावे, एवढाच हेतू. संपूर्ण जुना आणि नवा करार एका स्त्रीने मूळ भाषांतून मराठीत उतरवला. त्यांच्याच छापखान्यात, त्यांनीच वाढवलेल्या स्त्रियांनी तो जुळवला, छापला, बांधला. १९२१ मध्ये मनोरमा मिरजेला वारली. एकुलती एक मुलगी, कामातला उजवा हात. तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. त्यांच्या शब्दनिवडीविषयी अभ्यासकांचे मतभेद आहेत आणि असावेत. पण वचनावर विश्वास आहे असे आपण सगळेच म्हणतो. त्या विश्वासाची मजुरी कोणी किती भरली, हे विचारले तर माझी मान खाली जाते.

आता एका अवघड प्रश्नाकडे येतो. तो टाळून पुढे गेलो तर या व्यासपीठावर उभे राहण्याचा मला अधिकार नाही.

शारदा सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे वचन रमाबाईंनी दिले होते. पुण्यात आल्यावर त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी सल्लागार मंडळातली मोठी माणसे १८९३ मध्ये बाहेर पडली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. केसरीने आधीपासून तोफ डागली होतीच. रमाबाईंचे म्हणणे असे की स्वतःच्या घरात स्वतःच्या देवाची प्रार्थना दार लावून करण्याचे मी कबूल केलेले नाही, आणि मुलींना जशी गीता वाचण्याची मोकळीक आहे तशी बायबल वाचण्याचीही हवी. मला हे पटते. पण रानडे-भांडारकरांची अडचणही मला दिसते. ज्यांच्या शब्दावर विसंबून आईबापांनी विधवा मुली पाठवल्या, त्यांना त्या आईबापांना तोंड द्यायचे होते. दोन्ही बाजूंना विवेक होता. आणि हेही सांगितले पाहिजे की शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिली, धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला, आणि त्या घरातून मराठी स्त्रीशिक्षणाचा केवढा मोठा प्रवाह निघाला ते आपण जाणतो.

याहून कठीण प्रश्न दुष्काळातल्या मुलींचा. जिच्या पोटात चार दिवस अन्न नाही, तिला धर्माची निवड करता येते काय? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आजही विचारला जातो, आणि विचारणारा प्रत्येक जण द्वेषाने विचारतो असे समजणे अन्याय होईल. माझे उत्तर ख्रिस्ती शिकवणुकीतूनच येते. तारण विकत मिळत नसेल तर ते विकताही येत नाही. भाकरीच्या बदल्यात विश्वास मागणारा माणूस कृपेला नाकारतो, मग त्याच्या गळ्यात कितीही मोठा क्रूस असो. पाच हजारांना जेवू घालताना येशूने कोणाची नावे लिहून घेतली नाहीत. दहा कुष्ठरोगी बरे केले, नऊ जण परत आले नाहीत. त्यांचे बरेपण काढून घेतल्याचे लूक कुठे लिहीत नाही. कोणत्याही मिशनच्या कामाला हीच कसोटी लावली पाहिजे, मुक्ती सदनालाही, आज आपण चालवतो त्या शाळांना आणि दवाखान्यांनाही.

विश्वासाला वेळ लागतो, आणि तो वेळ देण्यातही कृपा असते. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण घ्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. संसार मोडला, ताटातूट झाली, बाईंच्या मनाला जे यातनांचे वळसे पडले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहेत. पुढे त्या नगरला नवऱ्याच्या घरी आल्या तरी सोवळे-ओवळे, स्वयंपाक-पाणी वेगळेच. टिळकांनी आग्रह धरला नाही. बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. पण त्याआधीच जातीचा विटाळ त्यांच्या मनातून गळून पडला होता. माणसामाणसांत देवाने भेद केलेला नाही हे एकदा उमगल्यावर पाण्याचा पेला कोणाच्या हातचा, हा प्रश्न त्यांच्यापुरता संपला. कोणतेही प्रश्नोत्तर पाठ होण्याच्या आधी शुभवर्तमान त्यांच्या माजघरात पोहोचले होते.

म्हणूनच आजच्या मराठी मंडळीविषयी एक गोष्ट बोलल्यावाचून मला राहवत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरातून जे गेले, ते आपल्या लग्नाच्या बैठकींतून अजून गेलेले नाही. आपण प्रभुभोजनाला एकाच भाकरीतून घेतो. मग मुलीला स्थळ पाहताना पणजोबा कोणत्या जातीतून आले, हे हळूच कानात विचारतो. हुंड्याला दुसरे नाव देऊन तो घेतो. पौलाने अंत्युखियात पेत्राला तोंडावर दोष दिला तो याच कारणाने: यरुशलेमहून माणसे आली आणि पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला. गलतीकरांस लिहिताना पौल या उठण्याला शिष्टाचाराची चूक म्हणत नाही. शुभवर्तमानाच्या सत्याला धरून तो चालत नव्हता, असे म्हणतो. कोण कोणाबरोबर जेवतो, यावर तो तारणाचा सिद्धान्त तोलतो. बायबलचे सत्य उपदेशपीठावर राखले आणि जेवणाच्या पाटावर सोडले, तर पौलाच्या हिशेबी ते राखलेच नाही.

विश्वासू रोजचे जीवन म्हणजे काय, असे तरुण मुले मला विचारतात, आणि बहुधा त्यांना शांतवेळ, उपास, प्रार्थनेचे तास यांविषयी ऐकायचे असते. ते सगळे हवेच. पण लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात देव पवित्र व्हा म्हणतो आणि लगेच सांगायला लागतो: शेताचे कोपरे कापू नका, गरिबाला राहू द्या, वजने-मापे खरी ठेवा, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नका. याकोब तर लिहितो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणे देवाच्या कानी जाते. घरी धुणे-भांडी करणाऱ्या बाईचा पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला देता? ती आजारी पडली तर कापता काय? उसाच्या टोळीला उचल देऊन वर्षभर बांधून ठेवणारा मुकादम आपल्या मंडळीत असेल तर पाळक त्याच्याशी कधी बोलतात? संस्थेच्या जमिनीचे व्यवहार करणाऱ्या विश्वस्तांनी हिशेब मंडळीपुढे ठेवले काय? हे प्रश्न आध्यात्मिक नाहीत असे ज्याला वाटते, त्याने जक्कयाच्या घरी जाऊन यावे.

यरीहोचा तो मुख्य जकातदार. येशू त्याच्या घरी उतरायला जातो, आधी काहीही अट न घालता, लोक कुरकुरतात. घरात येशू त्याच्याशी काय बोलला ते लूक सांगत नाही. जक्कय उठतो आणि आकडे बोलतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवून घेतले त्याला चौपट परत. तेव्हा येशू म्हणतो, आज या घराला तारण झाले. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला जकातीच्या वह्या उघडाव्या लागल्या असतील, नावे शोधावी लागली असतील, कोणाकडून किती जास्त घेतले ते आठवावे लागले असेल. गावोगाव जाऊन पैसे परत करताना त्याला पाहून कोणी दार लावून घेतले असेल, कोणी रक्कम पुन्हा पुन्हा मोजली असेल. ते काम एका दिवसात संपण्यासारखे नव्हते.